सात इंच खाली गेलेला समुद्र

उमेळ्यातल्या त्या शाळेची कंपाउंडची भिंत चौसष्ट फूट लांब आणि आठ फूट उंच. मी दोनदा मोजली होती. डावीकडचे बत्तीस फूट माझे, उजवीकडचे बत्तीस माझ्या नणंदेचे. आम्ही दोघी मिळून भिंती रंगवतो. शिवाय लग्नाच्या रिसेप्शनला पाहुण्यांसमोर उभं राहून तीन तासांत नवरानवरीचं चित्र पूर्ण करून देतो. या कामाला चौदा वर्षं झाली. नवीन माणूस ऐकतो तेव्हा हसतोच. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं होतं, "नणंद-भावजय एका भिंतीवर? भिंत टिकते का?" नणंद म्हणाली, "भिंत टिकते हो, आमच्या घरचा माणूस टिकत नाही." घरचा माणूस म्हणजे माझा नवरा, तिचा थोरला भाऊ. तो तेव्हा मुकाट्याने रंगाचे डबे उतरवत होता.

मी त्रेपन्न वर्षांची, ती छप्पन्नची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तिला 'वन्सं' म्हणायला सांगितलं, ते अजून तसंच चाललंय. ती मला वहिनी म्हणते. गोखिवऱ्याला एकाच इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, ती दुसऱ्यावर, एकटी. तिने शाळेत चित्रकला शिकवली. मी एका आर्किटेक्टकडे नकाशे ट्रेस करत होते. म्हणून माझी पद्धत अशी की कागदावर इंचाचे चौकोन आखायचे, भिंतीवर फुटाचे, आणि नंबर टाकून एकेक भरत जायचे. तिला चौकोन सहन होत नाहीत. "मला गजाआड घालू नका, वहिनी," म्हणते. खरं सांगायचं तर चित्र ती काढते, मी चौकोन भरते. तिने काम सोडलं तर मला एकटीला कोणी बोलावणार नाही. आणि शाळेची नोकरी सोडल्यापासून तिच्या दिवसात या कामाशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, हेही मला माहीत आहे.

आमचा एक नियम आहे. भिंतभर एकच रेघ दोघींची, क्षितिजाची. पाणी भरलेल्या नळीने दोन्ही टोकांची पातळी घ्यायची, दोऱ्याला नीळ लावून तिथे ताणायचा, मधे चिमटीत धरून सोडायचा, की भिंतीवर रेघ उठते. मग तिने उजव्या टोकापासून सुरुवात करायची, मी डाव्या, आणि मधे भेटेपर्यंत एकमेकींच्या अर्ध्या भागाकडे बघायचं नाही. पूर्वी चिंचोटीच्या वाटेवरच्या एका हॉटेलात मी तिच्या म्हशीची शिंगं लहान आहेत म्हणाले आणि आठ दिवस आमचं बोलणं बंद झालं. तेव्हापासून हा नियम.

शाळेला वसईची वाडी हवी होती. केळी, पानवेल, विहीर, मागे माड आणि समुद्र. समुद्राची रेघ साडेपाच फुटांवर. सहाव्या दिवशी दुपारी माझे एकतीस फूट झाले. शेवटच्या फुटाला हात घालणार, इतक्यात भाजीची टोपली घेऊन चाललेली गावातली एक म्हातारी थांबली. भिंतीकडे बघत राहिली.

"बाय, तुमचा समुद्र तुटलाय. पानी सांडंल सगलं."

मी मागे सरकून पाहिलं. माझा समुद्र येत होता आणि मधे अचानक पायरी उतरावी तसा तिचा समुद्र खाली सुरू होत होता. मी टेप लावला. सात इंच.

"वन्सं, हे काय?"

"जमीन उतरती आहे इथे," ती ब्रश पुसत म्हणाली.

"जमीन तीन इंच उतरती आहे. पण आपण रेघ नळीतल्या पाण्यावरून घेतली होती, जमिनीवरून नाही."

"मग तुमचा वर गेला असेल."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. निळीची रेघ रंगाखाली गेली होती. मी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं आणि पुन्हा पातळी घेतली. माझी रेघ बरोबर होती. म्हातारी टोपली खाली ठेवून बघत होती. आकडा माझ्या बाजूने आला याचं मला जे समाधान वाटलं, त्याची आता लाज वाटते.

"आणि हे माड?" मी म्हटलं. "एकाचाही शेंडा सहा फुटांवर गेलेला नाही. कागदावरच्या चित्रात साडेसात आहेत."

"सिंगापुरी माड आहेत. बुटकेच असतात."

"वसईच्या जुन्या वाडीत सिंगापुरी?"

म्हातारी खुदकन हसली. नणंद हसली नाही. मी दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "साडेपाचवर धरा, नवी रेघ मारू." तिने उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मग तिने डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरलं आणि खालून ढकललं. ओठ घट्ट मिटलेले. दोरा खाली पडला.

मग मला एकेक आठवायला लागलं. पहिल्या दिवशी दोरा धरायच्या वेळी ती म्हणाली होती, "दादा, तू धर, मी चहा सांगून येते." या वेळी सगळे ब्रश तिने लांब दांड्याचे घेतले होते. आधीच्या रिसेप्शनला तिने कॅनव्हासचा स्टँड खाली करून घेतला होता, मुलीकडच्यांना दिसत नाही असं सांगून. मी हे सगळं पाहिलं होतं. फक्त बेरीज केली नव्हती.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्हांला? तुम्ही वहीत लिहून ठेवलं असतं. तारीख टाकून."

खरं होतं ते. म्हातारीने टोपली उचलली. जाताना नणंदेला म्हणाली, "तेल लाव बाय, तेल." आणि मला म्हणाली, "तू गप बस जरा."

आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. समोर वाडी होती तिथे आता इमारतीचे खांब उभे राहिलेत, त्यांच्याकडे बघत. ती म्हणाली, "तुमचा समुद्र सात इंच खाली घ्या. कोणाला कळणार आहे?"

मी मनात हिशेब केला. माझ्या बाजूला अकरा होड्या, एक चर्चचा मनोरा. तीन दिवसांचं काम. तिचा वर घ्यायलाही तीनच दिवस. पण माझा खाली घेतला तर पुढच्या भिंतीवर काय? तिथे साडेचारवर आणायचा? मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "मग पुढच्या भिंतीवर तुम्ही दुसरी कोणी बघा." इतक्या सरळ आवाजात म्हणाली की मला कळलं, हे वाक्य तिच्याकडे दिवाळीपासून तयार होतं.

"दुसरी कोण येणार? माझ्या चौकोनांना तुम्हीच काय त्या कंटाळत नाही."

"कंटाळते. बोलत नाही."

शेवटी डावं-उजवं सोडलं. तिच्या भागात चार फुटांच्या खालचं ती करणार, स्टुलावर बसून. वरचं मी करणार, शिडीवर उभी राहून, ती सांगेल तसं. तीन दिवस ती खालून बोलत होती. "वहिनी, झावळी आहे ती, केरसुणी नाही." "वारा कुठून येतोय ते आधी ठरवा." "मोजू नका, ओढा!" माझे पाय भरून यायचे, शिडीवरून उतरताना गुडघे वाजायचे. माझ्या झावळ्या सगळ्या एका मापाच्या झाल्या. समुद्र जुळला, पण तिच्या विहिरीच्या वरचे माड माझे आहेत हे कोणालाही कळेल. शाळेच्या बाईंनी छान म्हटलं. नणंदेला मी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, वर्ष लागेल, कदाचित दीड. पूर्वीइतका उघडेल का, यावर त्यांनी 'बघू' म्हटलं. व्यायाम असा आहे की भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा. रोज सकाळी दूध तापवून झालं की मी खाली तिच्या घरी जाते आणि हात जिथे पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करते. रिसेप्शनच्या दोन कामांसाठी विचारणा झाली. दोन्ही ठिकाणी सांगून टाकलंय की कॅनव्हास आडवा असेल, एक बाई बसून काढेल, आणि चेहरे तीच काढेल. एकांनी नको म्हटलं. दुसऱ्यांना चालणार आहे. तोवर मी घरी रद्दीवर हात मोकळा करायला बसते, चौकोन न आखता. होत नाही. तरी बसते.

गेल्या महिन्यात तिची खूण चार फूट दोन इंचांवर होती. काल चार फूट साडेतीन आली. मी लिहून घेतलं. तेवढ्यात ती म्हणाली, "वहिनी, टाचा उचलल्या होत्या मी."

मी खूण खोडली. तिने टाचा टेकवल्या. पुन्हा मोजलं. चार फूट अडीच.