वन्संच्या गाडीतला आवाज

जो कोणी ही वही उघडेल त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं कधी जमलं नाही. अक्षर तर असं आहे की वाण्याला दिलेली यादीसुद्धा मलाच उभं राहून वाचून दाखवावी लागते. वही मुलीची जुनी गणिताची आहे, मागच्या बाजूनं गुणाकार उमटलेत ते माझे नव्हेत. पण एक गोष्ट मी ठणकावून लिहिणार आहे, कारण लिहिताना माझ्याकडे कुणी बघत नाही. आमच्या वन्संसारखे कान अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसऱ्या कुणाला नाहीत, आणि त्या कानांसाठी त्यांनी आपल्या जुन्या गाडीत जो आवाज आणला तसा लाखो रुपयांच्या गाड्यांतही नसेल.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, पूनम सागरला एकट्या राहतात. एका मोठ्या कंपनीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून दिवसभर ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी घरचा फोन वाजला की अजून म्हणतात, "नमस्कार, कुणाशी जोडू?" जोडायला घरात दुसरं माणूस नाही. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नाहीत. ओळखीची बाई समोरून हसत आली तरी कोऱ्या नजरेनं बघतात, आणि तिनं तोंड उघडलं रे उघडलं की, "अगंबाई, तू होय!" भाजीसुद्धा आवाजावरून घेतात. एकदा मी मेथीच्या जुडीला हात घातला तर मला मागे ओढलं. "ह्याच्या बोलण्यात फार पाणी आहे, सुमन. जुडीवर पण मारलं असणार." आणि खरंच, शेजारच्या गाडीवरची मेथी कोरडी निघाली. दिसेल त्या वस्तूवर टकटक करायची त्यांना सवय. कलिंगड, डबे, कपाट, काही सुटत नाही. आमच्या सोसायटीत लोकांच्या गाड्यांचे दरवाजे ठोकून बघताना वॉचमननं त्यांना धरलं होतं. "आंटी, क्या ढूँढ रहे हो?" "अच्छा दरवाजा," वन्सं म्हणाल्या, आणि पुढची गाडी ठोकली.

त्यांची स्वतःची गाडी छोटी, राखाडी, दुसऱ्याकडून घेतलेली. चाळीसच्या वर ती कधी गेली नाही. घोडबंदर रोडला आमच्या मागे ट्रकची रांग लागते आणि वन्सं नुसत्या हॉर्नवरून सांगतात, "हा चिडलाय, चिडू दे. त्याच्या मागचा मात्र झोपेत आहे, त्याला पुढे जाऊ देऊ या." दर गुरुवारी दुपारी त्या मला न्यायला भाईंदरला येतात. वरसावेला पुलाच्या अलीकडे खाडीकडे तोंड करून गाडी लावतात आणि आम्ही थर्मासमधला चहा पितो. आता मी किती बुजरी आहे ते सांगायला हवं. लग्नात माझ्या वाटचा उखाणा वन्संनीच घेतला होता. घरात माझं दिवसातलं ठरलेलं वाक्य एकच, हे कामाला निघाले की दारातून, "अहो, चष्मा घेतलात का?" त्यावर ह्यांचं न बघता, "घेतला." पण वन्संच्या गाडीची चार दारं लागली की मला काय होतं कोण जाणे, मी बोलते. पुलावरून गाड्या जात असतात, खाडीचं पाणी खाली-वर होत असतं, आणि मी तासभर बोलते. म्हणून ती गाडी जितकी वन्संची तितकीच माझी.

ह्यांना मात्र ती डोळ्यांसमोर नको. "सहा दिवस उभी असते, सातव्या दिवशी दोन बायका चहा प्यायला नेतात. विकून टाक, ताई," असं दर रविवारी जेवताना म्हणायचं. एका रविवारी पुढे जाऊन म्हणाले, "आणि तो रेडिओ! तोंडात रुमाल कोंबून रडल्यासारखा वाजतो." वन्संनी आमटीची वाटी खाली ठेवली. "रेडिओ नाही रडत, बाळ्या. कंपनीचे स्पीकर रडतायत. नुसता पातळ कागद असतो तो. आठ हजारांत असा आवाज आणते की माणूस समोर बसून बोलतंय असं वाटून तू फसशील. उलट उत्तर देशील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर गाडी विकते. दिलंस तर जन्मात गाडीचं नाव काढायचं नाहीस."

"लागली पैज," हे म्हणाले. मी भात वाढत होते. डाव तसाच हवेत राहिला. आठ हजारांत माझे सगळे गुरुवार अडकले होते.

त्या दिवसापासून वन्संच्या अंगात जे वारं शिरलं ते काय सांगू! रोज सकाळी फोन. "सुमन, पहिला नियम. फुकट होतं ते आधी करायचं." दाराच्या खणातली चिल्लर, छत्री, गोळ्यांचा डबा, वाजणारं जे जे होतं ते सगळं बाहेर काढलं. रेडिओतला ढुमढुम आवाज कमी केला. मागचे दोन स्पीकर बंदच करून टाकले. "कीर्तनकार कधी लोकांच्या पाठीमागे उभा राहतो का?" एवढ्यानंच आवाज थोडा मोकळा झाला, आणि आम्ही दोघींनी गाडीत टाळ्या वाजवल्या. मग दुकानं. मी मागे पदर धरून उभी, वन्संची मात्र जीभ तलवारीसारखी चालायची. एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिक्की में बड़ा वूफर डालो, पूरा रोड हिलेगा." वन्सं म्हणाल्या, "रोड पहले से हिला हुआ है, भैया. मुझे कान में सुनना है, छाती में नहीं." सगळं दुकान हसलं. मीसुद्धा हसले, पदरात.

शेवटी हाटकेशला एका गाळ्यात आम्हाला गाड्यांत स्पीकर बसवणारे चाचा भेटले. पांढरी दाढी, आणि बोलणं इतकं हळू की वन्संनी दोन वाक्यांतच त्यांना पास केलं. "हा माणूस वायर तोडणार नाही," माझ्या कानात म्हणाल्या. चाचांनी हिशेब मांडला. रेडिओ जुनाच ठेवायचा. पुढच्या दोन दारांत चांगले स्पीकर, आणि बारीक आवाजासाठी त्यांचीच बोटभर पिल्लं वर काचेजवळ. जोर यायला एक जुना पण धड ॲम्प्लिफायर, सीटखाली. "लेकिन पहले दरवाजा चुप कराओ," चाचा म्हणाले, "फिर स्पीकर बोलेगा." दार पत्र्याचं, ते स्वतःच थरथरतं. त्याला आतून डांबराची शीट चिकटवायची असते. शीटची किंमत ऐकून वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी फॉल-पिको करते, गोधड्या शिवते. "आपल्या घरात शिंपीण असताना डांबर कशाला?"

मी दोन रात्री बसून जुन्या गोधडीच्या गाद्या शिवल्या, दाराच्या मापाच्या, चारी बाजूंनी पायपिंग लावून. चाचा नको म्हणतील म्हणून वन्संनी त्या स्वतःच दाराचं आतलं कव्हर उघडून कोंबल्या. दार ठोकलं तर आवाज कसा, ठप्प! वन्संनी माझा गालगुच्चा घेतला. त्या आनंदात गाडी धुऊन घेतली, आणि तिथंच घात झाला. पुढच्या गुरुवारी वरसावेला काच अर्ध्यावर अडकली आणि गाडीत ओल्या गोधडीचा असा वास सुटला की चहा जाईना. चाचांनी दार उघडलं, आत हात घातला आणि एक ओलं गाठोडं बाहेर ओढलं. मग म्हणाले, "मॅडम, दरवाजे में रजाई किसने डाली?"

काचेच्या फटीतून पाणी आत उतरतंच, आणि खालच्या भोकांतून निघून जातं, हे आम्हाला कुठलं ठाऊक! माझ्या गाद्यांनी ते सगळं पिऊन घेतलं होतं, आणि एक फुगून काचेच्या यंत्रात अडकली होती. चाचांच्या हातात निथळणारं हिरवं ठिगळ माझ्याच जुन्या साडीचं. मी खांबामागे गेले. वन्सं क्षणभरही थांबल्या नाहीत. "मैंने डाली. मेरी अक्कल." माझं नाव घेतलं नाही.

आता शीट घ्यावीच लागणार होती, ती आठ हजारांत कशीबशी बसत होती. पण काचेच्या यंत्राचे वेगळे अडीच हजार आले. "काच आवाजात धरायची नाही," वन्संनी नियम केला, पण महिनाअखेर होती आणि पेन्शनमधून तेवढे निघत नव्हते. दोन दिवस त्यांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी रिक्षा करून पूनम सागरला गेले आणि पिकोचे साठवलेले अडीच हजार टेबलावर ठेवले. "गोधडी माझी, तर काच पण माझी." वन्संनी पैशाकडे पाहिलं. "उसने घेईन. दर गुरुवारी अडीचशे, गाडी राहिली तर. गाडी गेली तर विकलेल्या पैशातून सगळे एकदम." मला सगळे एकदम नको होते.

पैजेचा रविवार आला. वन्संनी ह्यांना खाली पार्किंगमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी, काचा बंद. मी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. गाणं लागलं असणार, कारण वन्संची मान डोलत होती, पण बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. चाचांनी दार खरंच गप्प केलं होतं. हे मात्र डोकं हलवत होते, बरं आहे, बरं आहे, असं. गाणं संपलं असावं. हे दार उघडायला वळले, आणि एकदम थांबले. हात खिशाकडे गेला. मग काच खाली आली, ह्यांचं डोकं बाहेर आलं, आणि वर माझ्याकडे बघून हे सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असे ओरडले, "घेतलाय गं! डोळ्यांवरच आहे, दिसत नाही का?"

मी तोंड उघडलंच नव्हतं. पदराचा बोळा तोंडात होता.

आत वन्सं स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होत्या. मागच्याच आठवड्यात आमच्याकडे मुक्कामाला होत्या तेव्हा दाराआड मोबाईल धरून त्यांनी माझं सकाळचं वाक्य भरून घेतलं होतं, आणि गाणं संपताच तेच लावलं. "गाणं कुठेही गोड लागतं," मला नंतर म्हणाल्या. "स्पीकर तपासायचा तर रोजच्या माणसाचा आवाज पाहिजे." म्हणजे चाचांनी एक अख्खी दुपार, वायरी लावत, बटणं फिरवत, 'अहो, चष्मा घेतलात का' ऐकलं होतं! लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाचा म्हणत होते, भाभी की आवाज दबी हुई है, थोड़ा खोलूँ? मी म्हटलं, राहू द्या. स्पीकर ठीक आहे, ती आहेच तशी."

हे वर आले, पाणी प्यायले, आणि भांडं खाली ठेवून म्हणाले, "तुझा आवाज असा आहे होय?" "कसा?" "बरा आहे." गाडीचं नाव त्यानंतर त्यांनी काढलेलं नाही.

मग दहा गुरुवार वन्संनी अडीचशे रुपये चुकवले नाहीत. नोटा पाकिटात घालून, वर 'सुमन' लिहून, चहाच्या आधी. ह्या दहा गुरुवारांत माझ्या एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आवाजाचं बटण आधी जिथं असायचं त्याच्या पुढे दोन घरं असतं. "नवीन स्पीकर मुरायला वेळ घेतात," वन्सं म्हणतात. मी बोलताना त्या डावा कान माझ्याकडे करतात. मागच्या ट्रकचा हॉर्न त्यांच्या आधी मला ऐकू येतो, मग मी म्हणते, "वन्सं, जाऊ देऊ या का ह्याला?" आणि त्या म्हणतात, "मी तेच म्हणणार होते." मी ह्यांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही, ह्या वहीशिवाय.

काल दहावा गुरुवार. खाडीला भरती होती, कठड्याशी एक जण गळ टाकून बसला होता. वन्संनी पाकीट दिलं. "हे शेवटचं. मिळाले का सगळे?"

"मिळाले," मी म्हणाले.

"काय?"

मी काच खाली केली नाही, तरी गळवाल्यानं मान वळवून बघितलं, एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मिळाले, वन्सं! सगळे मिळाले!"