भूकंप जपानात, बाजा लातुरात

जपानात भूकंप झाला त्या दिवशी लातूरच्या एका गल्लीतल्या झाडून सगळ्या बाजा दिवेलागणीच्या आत अंगणात आल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. टीव्हीवर समुद्र घरं, मोटारी, नावा ओढून नेताना दिसला आणि बायकांनी गाद्यांच्या वळकट्या काखेत मारल्या. जपान लांब आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीत दोन मास्तर होते आणि एक भूगोलाची शिकवणी घेणारा होता. तोही अंगणातच झोपला. त्र्याण्णव सालचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांच्या अंगाला एक खोड लागलेली आहे. जमीन हलली की बाहेर पळायचं. कुठली जमीन, ते मागाहून विचारायचं.

एकच बाज त्या दिवशी जागची हलली नाही, कारण ती आधीपासूनच बाहेर होती. ती धुरपताबाईची.

धुरपताबाई ही सुगतची आई. सुगत सरकारी कचेरीत कारकून, त्याची बायको धम्मप्रिया खेड्यावरच्या शाळेत मास्तरीण. दोघांनी मिळून घर बांधलं, वर स्लॅब टाकला, आईसाठी आत स्वतंत्र खोली काढली. त्या खोलीत धुरपताबाईने पाऊल टाकलं नाही. नव्या घरात वंदना झाली तेव्हा भंतेजी आत आणि ही उंबऱ्याबाहेर. त्रिसरण-पंचशील तिने तिथूनच खणखणीत आवाजात म्हटलं. डोक्यावर पत्र्याहून जड काही नको, हा तिचा एकच नियम. मग सुगतने अंगणात चार लोखंडी नळ्यांवर पत्रे टाकून दिले आणि त्याखाली तिचा संसार मांडला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर तिला तपासायला पायरीवर येत. लग्नाला ती मांडव असेल तरच जाई, मंगल कार्यालय असेल तर आहेर पाठवी. एस.टी.त मात्र खुशाल बसे, कारण एस.टी.ला पत्रा असतो. एस.टी. उलटली तर काय, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

लोक हसत. हसायला काय जातं? तिच्या गावी तिचं घर साधं छपराचं होतं. मोठ्या लोकांची दगडी भिंतींची, मातीच्या जाड छताची माळवदं बघून तिनेच नवऱ्याच्या, ज्ञानोबाच्या मागे लकडा लावला होता, की सगळ्या गावाला माळवद अन् आपल्यालाच कामून छप्पर? ज्ञानोबाने मजुरी करून, दगड वाहून, माळवद घातलं. त्याच वर्षी भूकंप झाला. धुरपताबाई तेवढी बाहेर होती, कारण शेळी व्यायला झाली होती. सुगत वसतिगृहात होता. माळवद ज्ञानोबावर बसलं. शेजारची छपरं नुसती कलंडली, त्यातली माणसं अंग झाडून बाहेर आली. हे ज्याला ठाऊक आहे त्याने खुशाल हसावं.

पण त्या मार्च महिन्यात हसण्यावारी न्यायची सोय उरली नव्हती. सुगतला मुलगी झाली होती, प्रियदर्शनी, घरात पिऊ. तिच्या जन्मानंतरही आजी दवाखान्याच्या लिंबाखाली बसून होती. नात बाहेर आणून दाखवली तेव्हा कुठे तिने तिचं तोंड पाहिलं. आता धम्मप्रियाची बाळंतपणाची रजा संपत आली होती. दिवसभर पोरीला सांभाळणार कोण? आजी होती, पण आजी पत्र्याखाली, आणि लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तान्हं मूल ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. धम्मप्रियाने सरळ सांगितलं होतं.

"आत्याबाई, तुम्ही दिवसा आत बसणार असाल तर पिऊ हितं राहील. न्हाई तर मी तिला धर्माबादला माझ्या आईकडं ठिवते. मला दुसरा इलाज न्हाई."

त्या दिवशी धुरपताबाईने जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. धर्माबादला पाठवायची पिऊची पिशवीही भरून झाली होती, दुपट्यांसकट.

अशात जपान आला.

दोन दिवस बाजा अंगणात होत्या तेव्हा धुरपताबाईचा भाव वधारला. एरवी जिला खुळी म्हणत तिच्या बाजेला बाज लावून माणसं झोपू लागली. शेजारचा माणिकप्पा, डाळ मिलमधून निवृत्त झालेला मुकादम, तिला म्हणाला, "मावशी, तुमचंच खरं. आम्ही येडे." धुरपताबाईने त्याला चहा पाजला.

मग टीव्हीवर अणुभट्टीचा धूर दिसू लागला आणि कुणाच्या तरी मोबाइलवर एक संदेश आला. जपानातून विषारी हवा निघाली आहे. पाऊस पडला तर अंगावर घेऊ नका. दारं-खिडक्या लावून दिवसभर घरात बसा. गळ्याला आयोडीनचं तांबडं औषध लावा. खाली लिहिलं होतं की ही बातमी दहा जणांना पाठवा, आणि गल्लीने ती दहा-दहा जणांना इतक्या इमानाने पाठवली, की ती फिरून ज्याची त्यालाच आली. त्यामुळे तर ती पक्की खरी ठरली.

मग तिरपीट उडाली. ज्या बाजा बाहेर आल्या होत्या त्या आत गेल्या. शेषेरावाच्या मेडिकलमधलं तांबडं औषध दुपारपर्यंत संपलं. शेवटची बाटली घेणाऱ्याने ती गल्लीत थेंब-थेंब वाटली आणि सगळ्यांचे गळे तांबडे झाले. मीठही संपलं. मीठ कशाला, हे कुणाला सांगता येईना, पण चीनमध्ये घ्यायलेत म्हटल्यावर लातूरने मागे का राहावं? आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऊन रणरणत होतं, आणि लोक पावसाला भिऊन खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबत होते.

माणिकप्पाची पंचाईत वेगळी होती. त्याची म्हैस दुभती. तिच्या गळ्याला औषध लावायला बसला तर बाटली संपली तरी अर्धा गळा उरलेला. शेवटी त्याने विचार केला, की माणसाने घरात बसायचं आणि लक्ष्मीने बाहेर मरायचं हा कुठला न्याय, आणि म्हैस पुढच्या खोलीत आणून लोखंडी कपाटाला बांधली. माणिकप्पाच्या आणि सुगतच्या घराची भिंत एकच होती, हे इथे ध्यानात ठेवलं पाहिजे.

सगळी गल्ली बंद. बाहेर एकटी धुरपताबाई, बाजेवर.

सुगतने दार फटीएवढं उघडलं. "माय, आत ये. हवेत इख हाय."

"हवेत हाय का पावसात?"

"दोन्हीत."

"मंग दार कामून उघडलास? पोरगी हाय आत. लाव."

सुगतने दार लावलं. पाच मिनिटांनी धम्मप्रिया आली. तिने सासूच्या गळ्याला औषध लावलं, हातात छत्री दिली. औषध धुरपताबाईने लावून घेतलं, ते काही डोक्यावर पडत नाही. छत्रीही उघडली. पत्र्याखाली, कोरड्याठाक दुपारी, तांबड्या गळ्याची म्हातारी छत्री धरून बसली.

"आत्याबाई, निदान आज तरी," धम्मप्रिया म्हणाली. "मी मास्तरीण हाय, मला कळतंय ह्यात काई खरं नसंल. पर खरं असलं तर? तुम्ही हितं अन् आम्ही आत, हे बरं दिसतं का?"

"मला इखानं मरू दे, बाई. दगडाखाली न्हाई."

धम्मप्रिया आत गेली. दार लागलं, खालच्या फटीत ओला टॉवेल सरकवल्याचं धुरपताबाईला दिसलं. तिला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं ती बाहेर होती, पण दार तिच्यावर कधी लागलं नव्हतं.

दुपार कलली आणि धाडकन आवाज झाला.

जमिनीला हादरा बसला. सुगतच्या फळीवरची ताटं खणखणत खाली आली. झालं असं, की कोंडलेल्या खोलीत उकडून म्हशीने एक हिसडा दिला आणि कपाट भांड्याकुंड्यांसकट सामाईक भिंतीवर आडवं झालं. पण हे कळायला वेळ होता. गल्लीला एवढंच कळलं, की भिंत हलली.

सगळी दारं एकदम उघडली. सगळी माणसं धावत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. भूकंप म्हणतो बाहेर पळ, मोबाइल म्हणतो आत बस. एक पाय आत, एक पाय बाहेर, गळे तांबडे, अशी अख्खी गल्ली आपापल्या चौकटीत उभी राहिली. भूगोलवाला तर एकदा बाहेर उडी मारी, वर आभाळाकडे बघे, आणि पुन्हा आत जाई. कुणी ओरडत नव्हतं. ओरडायचं कशासाठी, तेच ठरत नव्हतं.

सुगतही तसाच उभा होता आणि त्याला खेटून मागे धम्मप्रिया. धुरपताबाई बाजेवरून उठली. तिने दोघांचे हात पाहिले. चारी रिकामे होते.

"पोरगी कुटं हाय?"

सुगतने धम्मप्रियाकडे पाहिलं, धम्मप्रियाने सुगतकडे. पोरगी दुसऱ्याकडे आहे असं दोघांनाही वाटलं होतं.

त्यांना वळायलाही सवड मिळाली नाही. धुरपताबाईने छत्री टाकली, पोराला खांद्याने बाजूला सारलं आणि ती आत घुसली. पडलेली ताटं तुडवत ती पाळण्यापाशी गेली, पिऊला उचललं, आणि बाहेर यायला पाय उचलेनात. ती तिथेच खाली बसली. पोरीला पोटाशी घेऊन ती तिच्यावर अशी वाकली, की वरून जे काही येईल ते आधी तिच्या पाठीवर यावं. डोळे मिटून ती वाट बघत राहिली. असं कुणीतरी ज्ञानोबावर वाकायला हवं होतं, हे इतकी वर्षं तिच्या मनात होतं.

वरून काहीच आलं नाही.

बाहेर मात्र माणिकप्पाच्या दारातून म्हशीचं हंबरणं ऐकू आलं आणि मागोमाग माणिकप्पाचा पडलेला आवाज. "काई न्हाई, काई न्हाई. कपाट हाय. म्हशीनं पाडलंय." म्हैस बिथरली होती, दारात आडवी अडकली होती. तिला बाहेर काढायला गल्लीतले सगळे पुरुष धावले, कुणी शिंगं धरली, कुणी शेपूट पिळलं. म्हैस बाहेर आली तोवर सगळी गल्ली घामाघूम होऊन मोकळ्या हवेत उभी होती, आणि जपानचं विष कुणाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

सुगत आईजवळ येऊन बसला. धम्मप्रिया दारातच उभी राहून रडत होती.

"माय, म्हईस होती. भूकंप न्हाई. चल भाईर."

धुरपताबाईने मान वर केली. आपल्या पोराने बांधलेलं घर तिने पहिल्यांदा आतून पाहिलं. पांढरा रंग, मधोमध पंखा. ती बराच वेळ वर बघत होती.

"पोरगी झोपलीया," ती म्हणाली. "उठवू नगो. पंखा लाव."

रजा संपली. धम्मप्रिया सकाळच्या एस.टी.ने शाळेत जाऊ लागली. धर्माबादची पिशवी रिकामी होऊन दुपटी फळीवर गेली. गल्लीत आजही कुणी सांगतं, की धुरपताबाईची भीती म्हशीने घालवली. माणिकप्पा तर तसं पाहुण्यांना म्हैस दाखवूनच सांगतो. तसं काही झालेलं नाही. दिवसभर धुरपताबाई पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून आत बसते, नजर स्लॅबवर. ट्रक गेला तरी तिचा हात दोरी घट्ट धरतो. संध्याकाळी धम्मप्रिया आली, की आजी पोरीला उंबऱ्यावर तिच्या हवाली करते, आणि तशीच पत्र्याखाली जाऊन बाजेवर आडवी होते.

एकदा सुगत तिथे तिच्या पायथ्याशी येऊन बसला.

"माय, आता आत बसायचं भेव न्हाई ना वाटत?"

"वाटतंय की," धुरपताबाई म्हणाली. "लई वाटतंय. पर ती एकली आत अन् मी भाईर, ह्याचं त्याहून वाटतंय."