एका शनिवारी मी तिची मुलगी झालो

नाशिकहून कोलकात्याला बदली झाली तेव्हा आमची मुलगी दुसरीत होती. बँकेच्या नोकरीत बदल्या व्हायच्याच, पण याआधीच्या बदलीत ती कडेवर बसून आली होती, तिला काही कळलं नव्हतं. या वेळी मात्र ती मैत्रिणी, सोसायटीतला झोपाळा आणि खालच्या काकूंची मांजर असं सगळं मागे ठेवून आली होती.

कोलकात्याच्या दक्षिणेकडच्या बेहाला भागात भाड्यानं घर मिळालं. बायकोनं न्यू टाउनमधल्या एका कंपनीत नोकरी धरली. ती सकाळी लवकर निघायची, त्यामुळे मुलीची वेणी, डबा आणि शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडणं माझ्याकडे आलं. वेण्या मला धड जमत नसत. एक वर, एक खाली. पण ती काही बोलायची नाही. खरं तर ती एकूणच बोलेनाशी झाली होती.

शाळेत वर्गात इंग्रजी चालायचं, पण मधल्या सुट्टीत सगळा गलका बंगालीत. चार महिन्यांनी तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, "अभ्यासात छान आहे, सगळं समजतं तिला. फक्त तोंड उघडत नाही."

मी तिला विचारलं, "बंगाली येत नाही म्हणून का गं?"

"येतं," ती म्हणाली. "पण बोलायला लागलं की घशातच राहतं." मग म्हणाली, "आणि बाबा, इथे काकांना काकू म्हणतात. मिशा असलेल्या माणसाला काकू कसं म्हणायचं?"

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्यानंतर मी रोज तिच्या मागे लागलो. आज कोणाशी बोललीस? काय बोललीस? दुकानात गेलो की तिला पुढे करायचो, "तू माग बिस्किटं." ती माझ्या शर्टाचं टोक धरून मागे सरकायची. शेवटी एकदा बायको म्हणाली, "तू बोल बोल म्हणतोस ना, तशी ती अजूनच मिटते. थोडे दिवस सोड तिला."

मी सोडलं. आणि मग एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाय पसरून बसलो होतो, तर ही बया माझे बूट घालून, माझी बॅग खांद्याला लावून समोर उभी. खणखणीत आवाजात म्हणाली, "काय हे! अजून हातपाय धुतले नाहीत? किती वेळा सांगायचं?"

हुबेहूब मी. तोच आवाज, तेच कपाळाला हात लावणं. इतक्या दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मी लगेच कुरकुरत म्हटलं, "पण बाबा, मला कंटाळा आलाय."

तिचे डोळे चमकले. जेवण होईपर्यंत ती बाबा आणि मी तिची मुलगी. तिनं मला भाजी संपवायला लावली, पाणी सांडलं म्हणून रागावली, वर पाठीवरून हातही फिरवला. झोपताना विचारलं, "परत कधी खेळायचं?"

"शनिवारी सुट्टी आहे मला," मी म्हटलं. "पण बाहेर जायचं. दिवसभर तू बाबा. सगळं तू करायचंस, कारण मी लहान आहे."

शनिवारी बायकोला काम होतं. आम्ही दोघं बसनं बाबूघाटला गेलो, लाँचनं हुगळी नदीपलीकडे हावड्याला जायला. रस्ता ओलांडताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "हात सोडायचा नाही, बाळा." लाँचवर कठड्याला टेकायला गेलो तर मागे ओढलं. "पाणी प्यायलीस का?" मला 'प्यायलीस' म्हणताना तिला आतून हसू फुटत होतं, पण बाबा हसत नाहीत असं तिनं ठरवलेलं असावं. तिकीट मात्र तिनं खिडकीत बोट दाखवूनच काढलं होतं.

हावड्याच्या धक्क्याला लाँच लागली आणि गर्दीनं मागून रेटलं. मी पाय पुढे टाकला, आणि माझी चप्पल लाँच आणि धक्क्याच्या मधल्या फटीतून सरळ हुगळीत. मी एका पायावर उभा. तोंडातून निघून गेलं, "बाबा, माझी चप्पल!" हे मी खेळात म्हणालो की खरंच, मला अजून सांगता येत नाही.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग वळली आणि दोर बांधणाऱ्या मिशीवाल्या माणसाला जोरात हाक मारली, "काकू! आमार मेयेर जुतो जोले पोडे गॅछे!"

म्हणजे, माझ्या मुलीची चप्पल पाण्यात पडली.

तो माणूस हातातला दोर तसाच धरून लगबगीनं आला. "मुलगी कुठे आहे?" त्यानं बंगालीत विचारलं. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं मला खालून वर नीट पाहून घेतलं. टक्कल, चष्मा, एक उघडा पाय. आजूबाजूचे लोक खो खो हसायला लागले. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान लाल झाले. आता ही रडणार, असं मला वाटलं.

पण तो माणूस हसला नाही. त्यानं बांबूनं चप्पल ओढायचा प्रयत्न केला, पण ती प्रवाहाला लागली होती. मग गंभीर चेहऱ्यानं तिला विचारलं, "कितवीत आहे तुमची मुलगी?"

तिनं माझ्यासारखाच कपाळाला हात लावला. "दुसरीत," ती बंगालीतच म्हणाली. "फार खोडकर आहे. ऐकतच नाही."

"तरीच," तो म्हणाला. धक्क्यावरच्या खोलीतून त्यानं रबरी चपला आणून दिल्या, एक लाल, एक निळी. "परत येताना द्या. आणि मुलीला कडेला उभं करू नका हं."

तिनं मान डोलावली आणि माझ्याकडे वळून मराठीत दटावलं, "ऐकलंस ना काका काय म्हणाले?" मग मात्र तिला आवरेना. धक्क्यावर उकिडवी बसून ती हसत राहिली, आणि मीही.

सोमवारी काही चमत्कार झाला नाही. वर्गात ती गप्पच होती. पण व्हॅनमध्ये शेजारी बसणाऱ्या मुलीला तिनं चपलेची गोष्ट सांगितली. त्या मुलीनं ती पुन्हा सांगायला लावली, मग आणखी कोणाला तरी ऐकवायला लावली. काही दिवसांनी बाईंचाही निरोप आला, आता कधीकधी हात वर करते म्हणून.

महिन्याभरानं दोन मैत्रिणी आमच्या घरी आल्या. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. बाहेर बंगालीची नुसती लाट उठली होती, आणि त्यात तिचा आवाज कोणता हे मला शब्दांवरून ओळखता येईना इतकी ती भरभर बोलत होती. मी बशा नेऊन दिल्या. एक मैत्रीण म्हणाली, हा तर चिडेर पोलाव. आमची म्हणाली, नाही, हे पोहे. दोघींत बराच वाद झाला. तो काही मिटला नाही, बशा मात्र रिकाम्या झाल्या.

थोड्या वेळानं ती आत आली. "बाबा, अजून पोहे दे. आणि लिंबू."

"मी पण येऊ का बाहेर?"

"नको," ती म्हणाली. "आम्ही बोलतोय."