अप्पांच्या ताटातला पॉपओव्हर

आज लेकीनं पॉपओव्हर, म्हणजे ते विलायती फुगीर पाव, ओव्हनमध्ये ठेवले आणि अंड्यालोण्याचा खमंग वास असा सुटला, की पार कासारवाडीच्या हायवेवर गाड्या रेंगाळल्या असतील. मी मात्र मनानं थेट काळेवाडीतल्या आमच्या जुन्या खोलीत पोचलो.

नवं लग्न. बायको लातूरची, म्हणून अप्पा, म्हणजे माझे वडील, तिला ‘लातूरवाली’च म्हणायचे. ते तिला फार लागायचं. त्या रविवारी तिनं मटणासोबत भाकरीऐवजी पॉपओव्हर केले. अंडी, दूध, मैदा, जरासं लोणी, बस्स! पण फुगले असे राव, की ओव्हनचं दार आतून ढकलत होते.

अप्पांनी एक फोडला. “आत तर काईच न्हाई! भाकरी कुटं हाय?”

बायकोचा चेहरा उतरला. पण गप्प बसेल तर ती लातूरची कसली! “थांबा की मामंजी,” म्हणत तिनं त्या पोकळीत पळीभर झणझणीत रस्सा ओतला.

अप्पांनी घास घेतला. मनगटापर्यंत ओघळ आले, तरी मान वर नाही. मग उष्ट्या हातानंच गॅलरीत जाऊन त्यांनी शेजारच्या चुलतभावाला हाक मारली, “आरं, ये की! आमच्या सूनबाईनं काय केलंय बघ!”

तेव्हा मी पुढचा पॉपओव्हर पळवण्यात गुंग होतो. आज मात्र छातीठोकपणे सांगतो, ती ‘सूनबाई’ची हाक पार चाकणपर्यंत ऐकू गेली.