कंपनीची कातर
ओल्या लोकरीचा वास आला की मला साखऱ्याचा ओढा आठवतो. लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढ्या तिथं धुऊन काढायचो. त्या वर्षी मी हिंगोलीहून कंपनीची चकचकीत, हलकी कातर आणली. थोरल्या भावाची घिसाड्यानं घडवलेली, जड आणि काळपट. "नवरीवानी नटली रे तुझी, काम करती का?" तो हसला. बाबा म्हणाले, "एकेक मेंढी कातरा दोघं. बराबर चालंल ती कातर घरात राहील." भावाची मेंढी कातरून झाली आणि तो ओढ्यावर पाणी प्यायला गेला, तरी माझी कातर लोकरीत अडकतच होती. मी जोर लावला आणि मेंढीचं पोट चिरलं. घाबरून मी माझी कातर गवतात पुसली, भावाची उचलून रक्तात माखली आणि ओरडलो, "दादाची कातर चालवून पाहिली, तर हिनं कापलं!" बाबांनी ती कातर काटेरी कुंपणापलीकडं भिरकावली. भाऊ धावत आला, जखमेत हळद भरताना त्यानं माझ्या कातरीच्या खिळ्यापाशी लागलेलं रक्त पाहिलं. "काहून रे?" एवढंच हळू म्हणाला. पुढं कैक वर्षं तो माझ्याच कातरीनं कळप कातरत राहिला, दर दोन मेंढ्यांनी दगडावर धार लावत. बाबांना त्यानं कधी सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत. परवा पुतण्याला सांगू लागलो, तर तो म्हणाला, "जाऊ द्या काका, आता मशीननंच कातरतेत." म्हणून इथं लिहितो: मेंढीचं पोट माझ्या कातरीनं कापलं होतं, आणि माझ्या भावाला ते ठाऊक होतं.