टेबलावरची फुलं

आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी चार बायका फुलदाणीत फुलं लावायला शिकायला जमतात. शिकवते मी, म्हणजे मला जे दोन-चार प्रकार येतात ते दाखवते. वर्षभरात फुलदाणी धड लावणारी एकच तयार झाली, किस्से मात्र पोतंभर जमले. एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो आणि चहा गार होतो.

*

सुरुवात फुलवाल्यापासूनच करते. जळगावच्या बाजारात मी त्याला म्हटलं, "निशिगंधाच्या दहा काड्या द्या. देठ लांबच ठेवा."

"हार की पूजा?"

"टेबलावर ठेवायच्यात."

तो माझ्याकडे झुकला. आवाज खाली आणून म्हणाला, "घरात कोणी गेलं का ताई?"

"नाही हो. सगळे जिवंत आहेत, म्हणूनच नेतेय."

आता तो मला काड्या न छाटता देतो. शेजारच्या दुकानदाराला मात्र हळूच सांगतो, "ह्याच त्या टेबलवाल्या ताई."

*

इंदूअक्का पहिल्या दिवशी दारातच उभ्या राहिल्या. यावलकडच्या केळीवाल्या घरातल्या, साठी उलटलेली, मालक गेल्यावर जळगावला मुलाकडे आलेल्या. म्हणाल्या, "मले चालीन का? मालक नाहीत ना आता. फुलं मले कोनी देत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अक्का, आत या. कोणाचा नवरा आहे की नाही, ते कात्री विचारत नाही."

अक्कांना हवं होतं एवढंच की मुलाच्या हॉलमधल्या टेबलावर आपण लावलेली फुलदाणी असावी. आडवे यायचे धाकटे दीर नाना. महिन्यातून एकदा गावाहून यायचे आणि चप्पल काढल्या काढल्या फुलदाणी उचलून देवासमोर नेऊन ठेवायचे. "वहिनी, आता हे शोभत नाही. लोकं काय म्हनतीन?" मुलगा काकांपुढे तोंड उघडायचा नाही. नाना एसटीत बसले की अक्का फुलदाणी परत टेबलावर आणायच्या. नाना असताना आपण का हरायचं, असं मला दर वेळी वाटायचं.

*

मी शिकवलं होतं की देठ तिरपा कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी रोज बदला. तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. "ताई, गुलाबांनी माना टाकल्या."

"पाणी बदललं होतं ना?"

"बदललं. वरून युरिया बी टाकला."

"अक्का, किती?"

"मूठभर. केळीले टाकतो त्याच्यापेक्षा कमीच टाकला."

*

आमच्यातली रेखा धुळ्याची. काड्या उभ्या राहत नव्हत्या म्हणून तिने माहेरच्या शेतातली ठिबकची जुनी नळी आणली, बोटभर तुकडे केले, रबराने बांधून डब्यात बसवले. एकेका तुकड्यात एकेक काडी, अगदी ताठ! माझी पुण्याची बहीण नेमकी आली होती. नाक मुरडून म्हणाली, "आमच्याकडे यासाठी हिरवा स्पंज मिळतो."

रेखा मान वर न करता म्हणाली, "तो दोनचार डाव चालस. हाई नळी दहा वरीस वावरमा टिकनी."

*

मग महिला मंडळाची स्पर्धा झाली. सगळ्यांनी जरबेरा मांडले. अक्कांनी गावच्या केळीच्या बागेतून आणलेलं भलंमोठं केळफूल मधोमध ठेवलं आणि मागे केळीची दोन कोवळी पानं.

परीक्षक बाई हसल्या. "अहो, ही तर भाजी आहे."

"गुलाबाचा गुलकंद खाता ना?" अक्का म्हणाल्या. "मंग?"

नंबर आला नाहीच. संध्याकाळी अक्कांनी त्याच केळफुलाची भाजी केली आणि परीक्षक बाईंना डबा पाठवला. डबा घासून पुसून परत आला.

*

आणि हे परवाचं. अक्कांच्या मालकांची पुण्यतिथी होती. आम्ही चौघी गेलो होतो. नानांनी फोटोसाठी मोठा हार आणला आणि वर शेवंतीच्या दोन जुड्या. हार घातला, पाया पडून झालं. अक्कांनी कात्री घेतली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर एक जुडी सोडून फुलदाणीत लावायला बसल्या.

नाना म्हणाले, "वहिनी, ती फुलं भाऊसाठी आनलीत."

मुलाने खाली बघितलं. अक्कांनी एक देठ तिरपा कापला.

"चाळीस वर्सं संसार केला, नाना. त्यांनी मले एक फूल नाही आनलं. आज त्यांच्या वाटचं मी घेतलं."

फुलदाणी टेबलावर गेली. नानांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"हात मांगं घ्या," अक्का म्हणाल्या. "पानी सांडीन."

नानांचा हात तसाच राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. नानांसमोर तिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

"अक्का," ती म्हणाली, "माह्यासाठी बी दोन काढून ठेवा. ह्यांनी बी नाही आनलं."