दत्तूअण्णांचा उजवा हात

मागून कुणी खुर्चीला हात लावला की दत्तूअण्णा चाकं गच्च धरून थांबायचे. "हात काढा. मी काय भाजीचा गाडा हाय व्हय?" आमची ओळखही अशीच झाली. हात माझा होता.

मी बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. अण्णा निपाणीचे. पोलिओनं पाय गेलेले. वीस वर्षं हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून दुकानादुकानांत विड्या पोचवल्या आणि पस्तिशीत व्हीलचेअरच्या शर्यतीत उतरले. यंदा राज्याच्या संघासाठी शर्यतीच्या वेळांबरोबर हातांच्या ताकदीचा अहवालही मागितला होता. ती मोजणारा पट्टा माझ्याकडं होता, एकच. एका मनगटाला बांधायचा. सॉफ्टवेअर दोन्ही हात सारखे धरून आकडा दुप्पट करतं.

मी तो डाव्या मनगटाला बांधला. का, तर घड्याळ तिथंच बांधतात. पीएचडी आहे माझी.

"सर, उजव्याला बांधा की."

"मशीनला दोन्ही सारखेच, अण्णा."

"मशीनला असतील. मला न्हाईत."

मी हसलो आणि वर दहा मिनिटं विज्ञान सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "लई शिकलाय तुम्ही." मला ते कौतुक वाटलं!

आठवड्यानं कळलं, नाव वगळलं. ताकद कमी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तीनचाकीचा फिरवायचा दांडा उजवीकडं असतो. वीस वर्षं सगळी मेहनत उजव्या हातानं केली, डाव्यानं नुसतं वळवलं. मी दुबळा हात मोजून त्याचीच दुप्पट केली होती.

पुन्हा मोजलं, पत्रं लिहिली, बेंगळुरूला जाऊन आलो. तिथल्या निवड समितीच्या साहेबांनी कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "आधीच्या अहवालावर सही कुणाची?"

माझीच होती. यादी तशीच राहिली.

निपाणीला सांगायला गेलो. "अण्णा, त्या यंत्राची एक तांत्रिक मर्यादा..."

"सर, चुकलासा. तेवढंच म्हणा."

"चुकलो."

"बास. च्या घ्या."

चहा संपायच्या आत टेम्पो आला. शर्यतीची खुर्ची खेळाडूंना खुर्च्या वापरायला देणाऱ्या एका संस्थेची. ती आता अण्णांच्या जागी निवडलेल्या पोराला जायची होती. टेम्पोवाला मलाच म्हणाला, "एक बाजू धरता काय?" मी अण्णांकडं बघितलं.

"धरा की. बघत काय बसलाय?"

मी धरली. खुर्ची वर चढताना दिसलं, पुढचं चाक किंचित उजवीकडं वळवून घट्ट केलं होतं.

"त्या पोराला सांगा," अण्णा खालून म्हणाले, "चाक सरळ करून घे. ते माझ्या उजव्या हाताच्या जोराला लावलंय."